न सांगितलेला दंश

मराठीत दातानखांनी झालेल्या जखमेला एकच एक क्रियापद पुरत नाही. कुत्रा चावतो, मांजर बोचकारते, साप डसतो, विंचू नांगी मारतो, अस्वल ओरबाडते, लांडगा लचका तोडतो. नुसते क्रियापद कानी पडले तरी जखम करणारा प्राणी कोण आणि जखम किती खोल, याचा अदमास येतो. भाषेने पिढ्यान्‌पिढ्या केलेले हे एक प्रकारचे निदानच होय. परंतु याच भाषेने न बोलण्याचीही सोय करून ठेवली आहे. खेड्यापाड्यांतून साप चावला असे उघड म्हणत नाहीत, ‘पान लागले’ असे म्हणतात. रात्रीच्या वेळी तर सापाचे नावही घेत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणून भागवतात. नाव उच्चारले की संकट जवळ येते, ही त्यामागची भावना. नेमके सांगणारी भाषा आणि झाकून ठेवणारी भाषा अशा दोन स्वभावांच्या मध्ये दंश झालेला माणूस बहुधा अडकतो. कोणती जखम घरच्या नळाखाली धुऊन जवळच्या डॉक्टरांकडे नेल्याने भागेल आणि कोणती तज्ज्ञांच्या मोठ्या इस्पितळात न्यावी लागेल, हा वरवर केवळ वैद्यकीय वाटणारा प्रश्न त्यामुळे प्रथम भाषेच्या दारात येऊन थांबतो.

महाभारताच्या शांतिपर्वात याची एक जुनी कथा आहे. परशुराम कर्णाच्या मांडीवर डोके ठेवून झोपले असताना अलर्क नावाचा एक कीटक येऊन कर्णाची मांडी पोखरू लागला. गुरूंची झोपमोड होऊ नये म्हणून कर्ण हलला नाही, बोलला नाही. रक्ताच्या स्पर्शाने परशुराम जागे झाले आणि इतकी वेदना मुकाट्याने सोसणारा हा ब्राह्मण असू शकत नाही, हे ओळखून त्यांनी त्याला शाप दिला. परंपरेने या कथेत सहनशीलता पाहिली, जन्माचे रहस्य पाहिले, नियतीचे क्रौर्य पाहिले. दंश लपविल्याची किंमत दंशाहून मोठी झाली, हीदेखील तिची एक बाजू आहे; तिच्याकडे तितकेसे लक्ष जात नाही.

‘अलर्क’ हाच शब्द सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पुन्हा भेटतो. तेथे तो पिसाळलेल्या कुत्र्याच्या संदर्भात आला आहे. शेपूट, जबडा व खांदे गळालेला, लाळ गाळणारा, न ऐकणारा, न पाहणारा असा तो प्राणी सुश्रुताने बारकाईने वर्णिला आहे. आणि अशा प्राण्याने दंश केलेला माणूस पाण्याच्या दर्शनाने किंवा नुसत्या आवाजाने भिऊ लागला, तर ते मरणाचे चिन्ह समजावे, असे स्पष्ट सांगितले आहे. या अवस्थेला दिलेला ‘जलत्रास’ हा शब्द आजही समर्पक वाटतो. महाभारतातला कीटक आणि सुश्रुताचा कुत्रा यांना एकाच नावाने का ओळखावे, याचा निर्णय व्युत्पत्तिशास्त्राने करावा. मात्र दोन्ही ठिकाणी दंश आधी मुका असतो, आणि तो बोलू लागतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आधुनिक वैद्यकाने सुश्रुताचा तो निर्णय अद्याप फिरविलेला नाही. लक्षणे उमटल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वैद्यकाने जिंकले आहे ते केवळ मधले अंतर: दात लागल्यापासून लक्षण उमटेपर्यंतचा काळ. लाळेतून आलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो; या प्रवासाला बहुधा काही आठवडे किंवा महिने लागतात. जखम डोके, चेहरा वा मान यांवर असेल तर वाट आखूड, पायावर असेल तर लांब. उपचाराचे सारे गणित या वाटेवर मांडलेले आहे.

हे गणित प्रथम मांडले गेले पॅरिसमध्ये. १८८५ च्या जुलैत लुई पाश्चर यांच्याकडे आल्सेसमधून आणलेला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर ही त्याची सर्वश्रुत सुरुवात. पण तज्ज्ञांकडे ‘पुढे पाठविणे’ म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर त्यानंतरचा एक प्रसंग अधिक बोलका आहे. १८८६ च्या मार्चमध्ये रशियातील स्मोलेन्स्क प्रांतातून पिसाळलेल्या लांडग्याने फाडलेली एकोणीस माणसे पाश्चरांच्या दारात येऊन उभी राहिली. फ्रेंच भाषेतला ‘पाश्चर’ एवढा एकच शब्द त्यांना ठाऊक होता, असे सांगतात. जखमा भयंकर होत्या आणि वाटेत मोलाचे दिवस गेले होते. तरीही एकोणिसांपैकी सोळा जण जगले, तिघे दगावले. त्याच वर्षी ओडेसा येथे मेचनिकॉव्ह यांच्या देखरेखीखाली लस टोचण्याचे केंद्र उघडले. मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन पुढे पॅरिसमार्गे मुंबईस आले, आणि परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. रशियन शेतकऱ्याची पॅरिसची वारी आणि मराठी माणसाच्या तोंडी बसलेले ‘हाफकिन’ हे नाव अशा रीतीने एकाच इतिहासाची दोन टोके आहेत.

हिंदुस्थानात या उपचाराचे पहिले स्थान ठरले ते हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांतील कसौली. तेथील पाश्चर संस्था १९०० साली सुरू झाली. १९०७ साली दक्षिणेत कुन्नूर येथे दुसरी निघाली. कुत्रा चावलेल्या माणसाने आगगाडीत बसून टेकडीवर जावे आणि उपचार संपेपर्यंत तेथे राहावे, अशी ती व्यवस्था होती. कसौलीतच डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून नवी लस सिद्ध केली. ती गावोगावी नेता येऊ लागली आणि कसौलीची वारी कमी झाली. पण या सोयीबरोबर एक भयही गावोगावी पोचले. ही लस पोटावर, दररोज एक याप्रमाणे अनेक दिवस टोचावी लागे. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हा शब्दप्रयोग मराठी घराघरांत रुजला तो तेव्हापासून. देशात ती लस २००५ च्या सुमारास कायमची बंद झाली. आता लस दंडात देतात, तीही मोजून चार-पाच वेळा. शब्दप्रयोग मात्र लसीच्या मागे उरला, आणि त्याचे परिणाम आजही दिसतात.

ते कसे दिसतात, हे पाहण्यास भिलाईच्या सेक्टर ६ सारखी जागा योग्य ठरावी. १९५५ च्या भारत-सोव्हिएट करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. स्मोलेन्स्कच्या शेतकऱ्यांच्या देशातून आलेल्या अभियंत्यांच्या साहाय्याने वसलेले हे नगर सेक्टरांत, सडकांत आणि क्वार्टरांच्या क्रमांकांत आखलेले आहे. सेक्टर ६ मध्ये जामा मशीद आहे. आसपासच्या क्वार्टरांतून छत्तीसगढी, हिंदी, बंगाली, तेलुगू, ओडिया, मलयाळम या भाषांबरोबर नागपूर-भंडाऱ्याकडची मराठीही ऐकू येते. काही सडका ओलांडल्या की सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय लागते. सारे नगर त्याला ‘सेक्टर नऊ’ एवढ्याच नावाने ओळखते. म्हणजे येथे तज्ज्ञाचे इस्पितळ पॅरिसला नाही, कसौलीलाही नाही. तरीही अंतर उरतेच, आणि ते मैलांत मोजता येत नाही.

अशा एखाद्या मराठी घराची कल्पना करावी. वडील दुसऱ्या शिफ्टला गेलेले, आई स्वयंपाकात. क्वार्टरामागच्या बोळात आठ वर्षांचा मुलगा एका पिलाला बिस्किट भरवीत असता पिलाची आई त्याच्या हाताला चावते. तर्जनीच्या मुळाशी सुईने टोचल्यासारखी दोन छिद्रे, रक्ताचे दोन थेंब. मुलगा हात खिशात घालून घरात येतो. भंडाऱ्याहून आलेली आजी विचारते, ‘काय झालं रे हाताला?’ ‘काही नाही आजी, खरचटलं.’ आजीने मुलांना कुत्र्यांपासून दूर ठेवण्यासाठी पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट अनेकदा सांगितलेली असते, आणि तिच्या दृष्टीने ती शंभर टक्के खरी असते. तिच्या पिढीने ती भोगलेली असते. पण त्या गोष्टीने मुलगा कुत्र्याला भ्यायला शिकलेला नसतो, दंश सांगायला भ्यायला शिकलेला असतो. प्रेमापोटी सांगितलेली गोष्ट नेमक्या उलट्या दिशेने काम करते, आणि सेक्टर ६ पासून सेक्टर ९ पर्यंतची वाट त्या एका ‘काही नाही’ने कोणत्याही आगगाडीच्या प्रवासाहून लांब होते.

वाईट याचे की, या मुलाची जखम डोळ्यांना लहान दिसते आणि डोळे दंशाच्या बाबतीत फार फसवे साक्षीदार आहेत. चेहऱ्यावरचा चावा रक्ताने माखलेला, पाहणाऱ्याचा थरकाप उडविणारा असतो. पण चेहऱ्याला रक्तपुरवठा विपुल असल्याने निष्णात शल्यविशारदाच्या हाती तो बहुधा चांगला भरून येतो. उलट हातावरच्या टाचणीएवढ्या छिद्राखाली, कातडीपासून अगदी थोड्या खोलीवर, कंडरांची आवरणे, सांधे आणि हाडे असतात. मांजराचा दात तर सुईच असतो. तो खोल जातो, मागे वळतो, वरची कातडी मिटते आणि जंतू आत कोंडले जातात. या जंतूंपैकी एकाला शास्त्रज्ञांनी पाश्चर यांचेच नाव दिले आहे. त्याहून फसवी जखम माणसाच्या दाताची. भांडणात मारलेली मूठ समोरच्याच्या दातावर आदळली की बोटाच्या गाठीवर एक लहानशी चीर पडते. मूठ उघडताच आतली कंडरा मागे सरकते आणि दातावरची घाण आपल्याबरोबर सांध्याकडे ओढून नेते. चिरेकडे पाहून कोणी काही म्हणत नाही, आणि भांडणाची लाज असल्याने जखमी माणूस स्वतःही काही बोलत नाही. छत्तीसगढात व विदर्भात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा तर पुष्कळदा खूणच सापडत नाही, दुखतही नाही. पहाटे पापण्या जड होऊ लागतात तेव्हाच घर जागे होते. सर्पदंशाची नुसती शंका असली तरी प्रतिविष आणि श्वासयंत्र असलेले इस्पितळ गाठणे हाच त्यावर एक मार्ग आहे. मांत्रिकाच्या अंगणात गेलेले तास पुढे कोणालाही परत आणता येत नाहीत.

तेव्हा जखमेचा आकार बाजूला ठेवून तिला चार प्रश्न विचारावे लागतात. व्याकरणातली साधी प्रश्नार्थक पदेच येथे उपयोगी पडतात. कोठे? हात, चेहरा, डोके, मान, गुप्तांग, सांध्याजवळची जागा यांवरचा खोल चावा तज्ज्ञांनी पाहावा. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर चावा असेल तर दात कवटीपर्यंत पोचला नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. कोणाचा? मांजराचा, माणसाचा, माकडाचा, वन्य प्राण्याचा. मोहाची फुले वेचायला पहाटे रानात गेलेल्यांवर अस्वल झडप घालते तेव्हा ते बहुधा चेहराच फाडते, आणि अशा माणसाला जवळच्या दवाखान्यात केवळ रक्तस्राव थांबवून विनाविलंब पुढे पाठविणेच शहाणपणाचे असते. कोणाला? मधुमेही, प्लीहा काढलेला, कर्करोगावर किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारा, कृत्रिम सांधा वा हृदयाची कृत्रिम झडप बसविलेला माणूस. यांच्या बाबतीत लहान जखमही लहान मानीत नाहीत. आणि केव्हा? दंश होऊन बराच वेळ गेला आहे, सूज व लाली वर सरकत आहे, पू येत आहे, ताप भरला आहे, बोट सरळ करताना कळ उठते आहे, जखमेपलीकडचा भाग बधिर किंवा थंड पडला आहे, अशी चिन्हे दिसली की थांबण्यात अर्थ उरत नाही. अशा रुग्णाला कित्येकदा भूल देऊन जखम आतून धुवावी लागते, मेलेले मांस काढावे लागते, शिरेतून औषधे द्यावी लागतात. हे काम शस्त्रक्रियागृहाचे आहे, टेबलाच्या कडेला उभ्याने करण्याचे नव्हे.

या चार प्रश्नांच्या आधी मात्र एक काम घरालाच करावे लागते आणि त्यासाठी कोणतेही इस्पितळ लागत नाही. ते म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे. या विषाणूचे बाहेरचे कवच स्निग्ध असते. साबणाने ते फुटते. हळद, चुना, तेल, तपकीर, तिखट असले काही जखमेत भरणे म्हणजे नुकसानीत भर घालणे होय. यानंतर जवळचा डॉक्टर लशीची पहिली मात्रा देतो. पण कातडी फोडून रक्त काढणारा चावा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो, आणि त्यासाठी लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे औषधही जखमेत व तिच्या भोवती टोचावे लागते. लशीने शरीराची स्वतःची तटबंदी उभी राहीपर्यंत मधले दिवस सांभाळायचे, हे या औषधाचे काम. म्हणून ते पहिल्याच दिवशी द्यावे, आणि राहून गेलेच तर लशीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत तरी द्यावे, असा नियम आहे. लहान दवाखान्यात लस असते, हे औषध बहुधा नसते. त्या कल्पित मुलाची दोन छिद्रे हातावर आहेत, खोल आहेत, रक्त निघाले आहे; त्याला पुढे पाठविण्यास एवढे कारण पुरेसे आहे. जखम लगेच शिवून टाकण्याची घाईही येथे उपयोगाची नाही. शिवणे अटळ असेल तर आधी प्रतिपिंडे, मग टाके, हा क्रम तज्ज्ञ पाळतात. कुत्रीवर दहा दिवस लक्ष ठेवता आले तर उत्तमच. पण उपचार त्या दहा दिवसांची वाट पाहत थांबत नाहीत.

तरीही डॉक्टरने पुढे पाठविण्याची चिठ्ठी लिहिली की घरात शांतता पसरते. भिलाईत, आणि आता महाराष्ट्रातही, या कृतीला सर्रास ‘रेफर केले’ म्हणतात. आणि ‘रेफर’ या शब्दाचा लोकांच्या मनातला अर्थ ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा झाला आहे. हा अर्थ अकारण आलेला नाही. या प्रदेशाला पुढे नेण्याच्या वाटा लांब असण्याची सवय होती. १९६४ साली शेजारच्या राजनांदगाव येथे प्राध्यापक असलेले गजानन माधव मुक्तिबोध पक्षाघाताने आजारी झाले, तेव्हा त्यांना आधी भोपाळला आणि मग दिल्लीला न्यावे लागले. त्या सप्टेंबरात तेथेच त्यांचे निधन झाले. घरी मराठी बोलणाऱ्या या हिंदी कवीचे दुखणे दंशाचे नव्हते. पण माणसाला मोठ्या इस्पितळात नेतात ते शेवटी, अशी समजूत अशा आठवणींतून घट्ट होत जाते. दंशाच्या बाबतीत ती समजूत नेमकी उलटी करावी लागते. येथे पुढे पाठविणे हा शेवटचा नव्हे, पहिला उपाय आहे. जो माणूस अगदी ठणठणीत दिसतो त्यालाच पाठवायचे असते. लक्षणे उमटलेला माणूस पाठवूनही फारसे काही साधत नाही.

शिवाय चिठ्ठीची किंमत सर्वांना सारखी नसते. कारखान्याच्या पटावर नाव असलेल्या घराला कंपनीचे इस्पितळ आपले वाटते. त्याच सडकेवर धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला किंवा ठेकेदाराकडच्या मजुराला ती चिठ्ठी म्हणजे बुडालेली मजुरी, रिक्षाचे भाडे, दुर्गचे जिल्हा रुग्णालय किंवा रायपूरचे एम्स, आणि तेही एकदा नव्हे, प्रत्येक मात्रेला. सरकारी रुग्णालयांत लस विनामूल्य मिळते, पण दिवस विनामूल्य मिळत नाही. म्हणून तिसरी, चौथी मात्रा राहून जाते, आणि ती राहिल्याचेही कोणी सांगत नाही. लपविण्याची कारणे भयाची असतात, लाजेची असतात, तशीच मजुरीचीही असतात. त्यांपैकी शेवटच्या कारणावर घरच्या माणसांनी प्रेमाने विचारणे एवढाच इलाज पुरणार नाही. तेथे भरपगारी सुट्टी देणारा मालक लागतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये केलेल्या पाहणीवरून देशात दरवर्षी नव्वद लाखांहून अधिक प्राणिदंश होतात आणि सुमारे ५,७०० माणसे पिसाळीच्या रोगाने दगावतात, असा अंदाज निघाला. त्याच पाहणीत कुत्रा चावलेल्या पाच जणांपैकी सुमारे एकाने लस घेतलीच नव्हती. त्या एकाने ‘काही नाही, खरचटलं’ असे कोणाला म्हटले असेल, की कोणी विचारलेच नसेल, हे आकड्यांत येत नाही. इस्पितळाच्या टेबलावर मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो: चावून किती वेळ झाला? लस, प्रतिपिंडे, शस्त्रक्रिया हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते, आणि ते उत्तर इस्पितळात घडत नाही. ज्या घरात मुलाला रागावण्याआधी त्याचा हात खिशातून बाहेर काढून पाहिला जातो, आणि चौदा इंजेक्शनांच्या जागी ‘दंडात टोचतात, मी येते तुझ्याबरोबर’ एवढे सांगितले जाते, तेथे ते उत्तर मिनिटांत येते. इतर घरांतून ते दिवसांत येते, कधी आठवड्यांत.